खोडलेलं नाव

६ ऑगस्ट

धाकट्या,

वर्षाला एक कार्ड, त्यावर तुझा पत्ता आणि खाली सही, एवढ्यावर आपलं बरं चाललंय. त्यामुळे हे जाडजूड पाकीट बघून तू मागचा पत्ता दोनदा वाचला असशील. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते बाबांचेही कुरकुरायचे आणि तरी ब्याण्णव वर्षं चालले.

सोबत एक फॉर्म आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची आणि परतीच्या पाकिटातून पाठवायचा. पाकिटावर तिकीटही लावलंय, म्हणजे ती सबब नको.

बाबांच्या नावाने कॉलेजात शिष्यवृत्ती सुरू होतेय. त्यांचे जुने विद्यार्थी एकत्र आलेत. आपल्या शाळेतून कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला दर वर्षी राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मिळणार. हे 'किंवा मुलीला' मी भांडून घालून घेतलंय. कॉलेजचा नियम असा की कुणाच्या नावाने काही सुरू करायचं तर त्या माणसाच्या सगळ्या मुलांची लेखी संमती लागते. सगळी मुलं म्हणजे मी आणि तू.

पुढाकार कुणाचा, ओळख बघू. बटणचा. तोच, शिंप्याचा मुलगा, ज्याच्या स्वतःच्या शर्टाला कधी एका रंगाची बटणं नसायची. आता मोठा डॉक्टर झालाय, पोट सुटलंय, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो. परवा घरी आला होता. बाबांच्या खोलीत गेला आणि टेबलापाशी उभाच राहिला. बस म्हटलं तर म्हणाला, "ताई, या खोलीत मी कधी बसलोच नाही. इथे बसता येतं हेच सुचलं नाही."

मग तासभर आम्ही जुन्या गोष्टी उकरत बसलो. बाबा शाळेच्या फाटकात उभे राहायचे ते आठवतं ना? उशिरा येणाऱ्याला 'उशीर का झाला' असं ते विचारायचेच नाहीत. 'वाटेत काय पाहिलंस' असं विचारायचे, आणि ते सगळ्या वर्गासमोर नीट सांगावं लागायचं. बटणने एकदा रस्ता खोदणारे मजूर इतके रंगवून सांगितले की दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मुद्दाम उशिरा आला. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी भूगोल झालाच नाही. आणि ते दाखले. 'वर्तणूक चांगली आहे' असं छापील वाक्य त्यांनी जन्मात लिहिलं नाही. 'हा मुलगा गणितात कच्चा आहे, पण चूक झाली तर स्वतः येऊन सांगतो,' असं एकाला लिहून दिलं होतं. तो मुलगा रडतच घरी गेला होता. बटण सांगत होता, त्याच दाखल्यावर त्याला गोदामात नोकरी लागली आणि शेवटी तिथलाच मॅनेजर म्हणून तो निवृत्त झाला. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्याने हसलं.

वीस नोव्हेंबरला कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम आहे. तू यावंस असा माझा हट्ट नाही. आहे, पण तो मी कागदावर लिहीत नाही. सही मात्र हवी. माहितीपत्रकाचा मसुदा जोडलाय. बटणने लिहिलाय, त्यामुळे थोडा औषधाच्या चिठ्ठीसारखा झालाय.

ताई

२५ ऑगस्ट

धाकट्या,

फॉर्म कोरा परत आला. सोबत तुझी तीन वाक्यं. 'माहितीपत्रकाची पहिली ओळ वाचली. ती छापणार असाल तर माझी सही मिळणार नाही. तुमच्या सरांना माझ्या जिवावर मोठं करू नका.'

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यास, त्यामुळे कुठे अडकलंय ते तुला लगेच कळतं. त्या ओळीवरच बोट ठेवलंस. 'स्वतःच्या मुलाचे नाव यादीतून खोडून शिंप्याच्या मुलाला कॉलेजची वाट मोकळी करून देणारे निःस्पृह मुख्याध्यापक.' ती ओळ माझ्या नजरेतून सुटली असं लिहिणार होते. सुटली नव्हती. मला वाटलं, तू नेहमीसारखा घाईत असशील आणि न वाचता सही करशील.

बटणची यात चूक नाही. त्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्याने लिहिलं. कॉलेजच्या मोफत वसतिगृहात आपल्या शाळेला दर वर्षी एकच जागा मिळायची, तीही मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर. बाबांच्या पगारात तुला बाहेर ठेवून शिकवणं शक्य नव्हतं, म्हणजे ती जागा मिळाली तरच कॉलेज. त्या वर्षी यादीत तू पहिला होतास आणि बटण तीन गुणांनी मागे. यादी फलकावर लागली तेव्हा तुझ्या नावावर काट होती. चार दिवसांनी तू घर सोडलंस. बटणने ही गोष्ट एकेचाळीस वर्षांत इतक्या जणांना सांगितली आहे की आता ती शाळेच्या भिंतीला लागून बांधल्यासारखी झाली आहे. नवे शिक्षकसुद्धा सांगतात.

तुझा राग मला कळतो. बाबांच्या शाळेत बाबांचा मुलगा असणं हा काही गमतीचा प्रकार नव्हता. तू हात वर केलास की त्यांना खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं. काच फोडली पाच जणांनी, चौघांना मैदानाला एक फेरी आणि तुला दोन. आपल्या दोघांचे पेपर तर शेजारच्या शाळेत तपासायला जायचे, गठ्ठ्यावर दोरी बांधून. तो गठ्ठा तू एकदा स्वतःच पोचवलास आणि वाटेत दोरीलाही हात लावला नाहीस, कारण बाबांना कळेल. त्यांना कसं कळलं असतं रे? पण कळलं असतं असंच आपल्याला वाटायचं.

आणि तरी संध्याकाळी तेच बाबा तुझ्या बुटांना पॉलिश करायचे. तू झोपलास असं समजून. सकाळी तू म्हणायचास, "ताई, तू केलंस?" आणि मी हो म्हणायचे. त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून घरात जे काही मायेचं व्हायचं ते माझ्या नावावर आणि जे कडक ते त्यांच्या, अशी आमची वाटणीच झाली होती.

तेव्हा एवढं ऐक. राग बाबांवर धरू नकोस. का, ते विचारू नकोस. फॉर्म पुन्हा जोडते आहे.

ताई

९ सप्टेंबर

धाकट्या,

काल बटण आला होता. माहितीपत्रक छपाईला द्यायचंय. म्हणाला, "कार्यक्रमात पहिली ओळ तुम्हीच वाचा ताई. तुमच्या तोंडून शोभेल." मी हो म्हटलं, त्याला चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेले. मग आत येऊन ती ओळ एकटीने मोठ्याने वाचून पाहिली. दुसऱ्या शब्दाशी थांबले आणि कागद पालथा घातला.

तुझं नाव बाबांनी खोडलं नाही. मी खोडलं.

दुपार होती. मी जेवणाच्या टेबलावर ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. बाबा समोर यादी घेऊन बसले होते, बराच वेळ. मग त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "यात माझं मन साफ नाही. पहिल्या नावाशी आलो की मला मुलगा दिसतो, विद्यार्थी दिसत नाही. तू बघ."

त्यांचा नियम तुला माहीत आहे. आपलं माणूस असेल तिथे आपण पेन उचलायचं नाही. म्हणून तर ते पेपर बाहेर जायचे. पण जन्मभर पक्षपात टाळणाऱ्या त्या शहाण्या माणसाला एवढंही दिसलं नाही की ते जसे तुझे वडील, तशी मी तुझी बहीण. त्यांनी स्वतःला बाजूला केलं आणि पेन सरळ माझ्या हातात दिलं. मी घरात इतकी गृहीत धरलेली होते की मलाही काही मन असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. चिडून लिहीत नाहीये. म्हणजे, थोडं चिडूनच लिहितेय.

मी तुझ्या नावावर काट मारली. बाबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बटणला घरी शिकवणारं कुणी नाही. आपल्याकडे तुम्ही आहात." किती छान कारण होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला वाटतं त्यांना माझा अभिमान वाटला. यादीखाली सही केली आणि उठले.

कारण खोटं नव्हतं, पण ते माझं कारण नव्हतं. मी बावीस वर्षांची होते. तू गेलास की घरात मी आणि बाबा आणि त्यांचं वेळेवर जेवण, एवढंच उरणार होतं. तुझ्याशिवाय त्या घरात मला हसवणारं कुणी नव्हतं. आणि दुसरंही होतं. तुझ्या आधी पाच वर्षं मीही त्याच शाळेत पहिली आले होते. वसतिगृह मुलांचं होतं, त्यामुळे माझं नाव खोडायचीसुद्धा वेळ आली नाही, ते यादीत लिहिलंच नव्हतं. बाबांनी मला शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या आणून दिल्या आणि मला ते बक्षीस वाटलं. ते बक्षीस नव्हतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्या दुपारी तुझं नाव पहिलं बघून मला आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे.

मला वाटलं होतं, तू वर्षभर धुसफुसशील, घरीच राहशील, पुढच्या वर्षी काहीतरी होईल. तू चौथ्या दिवशी गेलास.

जाण्याआधी तू बाबांना विचारलंस तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता, तो मी बंद केला, ऐकू यावं म्हणून. बाबा म्हणाले, "निर्णय माझा आहे." एवढंच. मी चार पावलं टाकून बाहेर यायला हवं होतं. मी भांडी पुसत राहिले. नंतर त्यांनी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं. तुझं कार्ड आलं की मला न मागता टेबलावरून उचलायचे, पत्ता वाचायचे, परत ठेवायचे.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना खरं कारण सांगायचा प्रयत्न केला. मी त्यांची नखं कापत होते. "बाबा, त्या यादीत मी..." एवढं म्हटलं. ते म्हणाले, "यादीवर सही माझी आहे." आणि दुसरा हात पुढे केला.

सही करावीशी वाटली नाही तर करू नकोस. कार्डही पाठवावंसं वाटलं नाही तरी मी काही म्हणणार नाही. पण ती ओळ खोटी आहे, आणि तू इतकी वर्षं चुकीच्या माणसावर रागावलास, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

ताई

३० सप्टेंबर

धाकट्या,

तीन आठवडे झाले. टपालवाला मला बघून आता लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. छपाई थांबवायला सांगितली आहे. कारण सांगितलेलं नाही. बटण बिचारा समजतोय की मला गुडघ्यांमुळे स्टेजवर चढायची भीती वाटते, म्हणून कठडा बसवून घेतो म्हणाला.

पुढे काय लिहावं सुचत नाही. बरा आहेस ना, एवढंच कळव.

ताई

१४ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र दारातच उभं राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. आज चौथ्यांदा वाचतेय. तुझे शब्द इथे उतरवून काढते, कारण ते मी नीट वाचले याची मलाच खात्री करून घ्यायची आहे.

'ताई, मला माहीत होतं. त्या दुपारी मी दाराबाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो. बाबा "तू बघ" म्हणाले ते ऐकलं, तू बटणबद्दल म्हणालीस तेही ऐकलं. मी नाड्या परत बांधल्या आणि पुलापर्यंत चालत गेलो. तुझ्यावर रागावलो असतो तर मला कुणीच उरलं नसतं. मला तूच वाढवलंस. पण कुणावर तरी रागवायला तर हवंच होतं. बाबांना पेलेल असं वाटलं. सतरा वर्षांचा होतो, मग तीच सवय लागली आणि नंतर लाजेने परत फिरता येईना. सही केली आहे. ती ओळही राहू दे, छापा. तू कशाला लोकांच्या तोंडी जातेस. फक्त एक सांग. मला माहीत आहे, हे बाबांना कधी कळलं का?'

नाही रे. नाही कळलं.

तू माझं कधी नाव घेतलं नाहीस, म्हणून त्यांना वाटत राहिलं की तुला काही माहीत नाही. तुला कळलं तर मीही तुला दुरावेन, अशी त्यांना भीती होती. म्हणून त्यांनी तुझा राग अंगावर घेतला, आणि शेवटपर्यंत अंगावरच ठेवला, की निदान मला तरी भाऊ राहावा. आणि तू तो त्यांच्यावर टाकलास, की तुला बहीण राहावी. तुम्हा दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं. मधल्या मधे मी बसले होते, दर वर्षी कार्ड घेत. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात तू कधी नव्हे तो फोन केला होतास, माझ्या तब्येतीची चौकशी करायला. फोन खाली ठेवला तर त्यांनी विचारलं, "त्याचं बरं आहे?" मी म्हटलं, बरं आहे. ते म्हणाले, "तुझ्याशी बोलतो ना, मग झालं." त्या वेळी मला ते साधं बोलणं वाटलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर मी ते आठवून खूप रडले, आणि हे तुला सांगताना मला लाज वाटत नाही.

काल बटणला घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग बॅग उघडली आणि माझा रक्तदाब मोजला. डॉक्टर माणसाला दुसरं काही सुचत नसावं. रक्तदाब उत्तम निघाला, याचं त्याला जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं. मग म्हणाला, "ताई, म्हणजे ती जागा त्याची होती." मी म्हटलं, तुम्हा दोघांची होती, जागा एक होती. तो म्हणाला, "मी ही गोष्ट सगळीकडे सांगत फिरलो. तो कुठे तरी ऐकत असेल असं मनातही आलं नाही." तुला पत्र लिहितो म्हणाला. त्याचं अक्षर लागलं नाही तर माझ्याकडे पाठव, मला आता वाचता येतं.

ओळ मात्र राहणार नाही. तू राहू दे म्हणालास, बटणही दबकत तेच म्हणाला, आणि बाबा असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं. तुम्ही तिघं मिळून मला आणखी किती सांभाळणार? मसुदा बटणच्याच समोर टेबलावर ठेवला आणि ती ओळ मी काढून टाकली. आता तिथे ते किती वर्षं मुख्याध्यापक होते तेवढंच आहे. त्यांना तेवढं पुरतं.

कार्यक्रमात मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात मी ती दुपार सांगणार आहे, यादी कुणी कुणाकडे सरकवली आणि नाव कुणी खोडलं ते. बटण म्हणतो लोक नावं ठेवतील. ठेवू देत, मी त्रेसष्ट वर्षांची आहे, मला ती नावं फार दिवस वागवावी लागणार नाहीत. त्या दिवशी ज्या मुलीला पहिली शिष्यवृत्ती मिळणार आहे ती समोर बसलेली असेल. हो, मुलगीच आहे, आणि मी निवड समितीत नव्हते, आधीच सांगून ठेवते.

फॉर्म मी कॉलेजात दिला. आता तुझी सही नको, तू हवा आहेस. बाबांवर रागवायचं कारण तर तुझ्याकडे कधी नव्हतंच. माझ्यावर आहे. तेव्हा वीस नोव्हेंबरला ये, आणि कार्यक्रम झाला की घरी येऊन, दार लावून, माझ्यावर हवं तेवढं ओरड. मी मधे बोलणार नाही. एकेचाळीस वर्षं झाली, माझ्यावर कुणी रागावलेलं नाही.

ताई